दाराबाहेरचा थोरला

मी मराठी ख्रिस्ती माणूस. मी नायगावचा. वसईकडचं नायगाव वेगळं; मी दादरच्या नायगावचा, भोईवाडा आणि हिंदमाता यांच्या शेजारचा.

आमच्याकडे सध्या दोन माणसं उभी राहिली की बोलणं घरावर येतं. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. कुणाची चावी कधी, कितवा मजला, भाड्याच्या घरात अजून किती दिवस काढायचे, हेच चाललेलं असतं. नायगावात या चाळी 42. 1920 च्या दशकात बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले, एकेका इमारतीत 80 खोल्या, मधून बोळ आणि मजल्यावर सामाईक संडास. 160 चौरस फुटांच्या खोलीत माणसं जन्मली, शिकली, संसाराला लागली, तिथूनच त्यांना खांदा दिला गेला. आता 500 चौरस फुटांचं घर मिळणार. या घराचा आनंद कुणी मानू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला स्वतःच्या न्हाणीघराची किंमत विचारा. देवानं दिलं, आभार मानून घ्यावं.

परवा जिन्यात एक शेजारीणबाई भेटल्या. मी म्हटलं, "ताई, आता लवकरच चावी." त्या म्हणाल्या, "हो दादा, घर होईल. पण त्यात हसणार कोण? पोरगा वर्षभर धड बोलत नाही. ह्यांचं पिणं सुटत नाही. मोठ्या घरात तेच सगळं मोठं होईल." आणि पिशवी उचलून वर गेल्या. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं, पण उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. ते इथं लिहितो.

आधी माझं सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरातलं दुःख उकलायला बसण्याआधी माणसानं आपलं दाखवावं.

आमचं मूळ गाव राहुरी तालुक्यातलं. वडील मुंबईत आले ते गिरणीत लागले. माझा तान्हेपणी बाप्तिस्मा झाला. शब्बाथ शाळा, नाताळची नाटकं, तरुण संघ, सगळं केलं. आवाज बरा होता, त्यामुळं उपासनेत पुढं उभं राहून गायचो. तरुण संघाचा सेक्रेटरी होतो. खुर्च्या मांडण्यापासून प्रभुभोजनाची भांडी पुसण्यापर्यंत एकही काम मी टाळलं नाही. आणि हे सगळं करताना मनाच्या तळाशी एक वही उघडी असायची. मी इतकं केलं. त्यानं काय केलं? देवानं माझ्यासाठी काय केलं?

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमचे वडील. धाकटा भाऊ त्या धामधुमीत कल्याणला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. घरी पैसे पाठवले नाहीत. मी राहिलो. आईवडिलांचं पाहिलं, कर्ज फेडलं. वडील गेल्यावर तो आला आणि म्हणाला, खोलीच्या पावतीवर माझंही नाव हवं. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सात वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्या सात वर्षांत एकही रविवार मी चुकवला नाही.

आईचं मात्र वेगळं होतं. संपाच्या काळात ती एका खाणावळीसाठी भाकऱ्या थापायची. दुपारभर स्टोव्हपुढं बसून तिचे डोळे लाल व्हायचे. संध्याकाळी हात धुऊन पेटी काढायची. त्या पेटीची एक पट्टी दाबली की खालीच अडकायची. आई गाता गाता ती करंगळीच्या नखानं उचलायची, सूर न सोडता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायची. दारात शेजारच्या बायका येऊन बसायच्या. त्यांच्यापैकी कुणी ख्रिस्ती नव्हतं, पण आईचं गाणं ऐकायला त्या यायच्या. डब्यात पीठ किती उरलंय हे मला माहीत असायचं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याचा त्या पिठाशी ताळा बसायचा नाही. मला वाटायचं, आई भोळी आहे.

1994 च्या पावसाळ्यात तिला केईएम रुग्णालयात ठेवलं. भेटीच्या वेळेत मी उशाशी बसलो होतो. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "छान गातोस रे तू. पण तुला खूश झालेलं मी कधी पाहिलं नाही." तक्रार नव्हती. हळहळ होती, आणि तीच मला जास्त लागली.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबता येत नाही. माझी पत्नी आत राहिली, मी खाली बोळात वर्तमानपत्र अंथरून बसलो. पिशवीत आईचं पवित्र शास्त्र होतं. उघडलं ते लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात. उधळ्या पुत्राची गोष्ट. लहानपणापासून पाठ होती, नाटकात मी बापाचं काम केलेलं. त्या रात्री पहिल्यांदा माझं लक्ष थोरल्या मुलाकडं गेलं. धाकटा सगळं उधळून परत आलाय, घरात मेजवानी चाललीय, गाणं-बजावणं ऐकू येतंय, आणि थोरला शेतातून येऊन दाराबाहेर उभा आहे. आत जायला तयार नाही. बापाला म्हणतो, इतकी वर्षं राबलो, तुझा शब्द मोडला नाही, मला कधी एक करडूही दिलं नाहीस. तीच वही! माझीच. आणि बाप काय करतो? धाकट्यासाठी जसा धावत गेला, तसाच थोरल्यासाठीही उठून बाहेर येतो. विनवतो. म्हणतो, तू तर कायम माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच.

मी तिथं बसून रडलो. शेजारी एक गृहस्थ झोपले होते, त्यांनी उठून पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना वाटलं, माझं माणूस गेलं. मी देवाशी जन्मात पहिल्यांदा गाण्यातलं किंवा प्रार्थनापुस्तकातलं सोडून माझं स्वतःचं बोललो. म्हटलं, मी तुझ्या घरात राहून चाकरासारखा जगलो. हिशेब ठेवला. मला आत घे. त्यानंतर जे मनात उतरलं त्याला आनंद म्हणतात हे मला लगेच कळलंही नाही. उजेड पडला, आवाज आला, असं काही झालं नाही. खांद्यावरचं गाठोडं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. उजाडल्यावर समोरच्या पिवळ्या पीसीओवरून भावाच्या शेजाऱ्यांकडं फोन केला. तो मिळेल त्या लोकलनं आला. आई त्या दुखण्यातून उठली नाही, पण तिनं आम्हा दोघांना एका बाकावर बसून एका कपातला चहा पिताना पाहिलं.

पुढं मला वाटत राहिलं की हे माझ्यासारख्या साध्या माणसाचंच झालं असेल. आमच्या नायगावातच, शारदा सिनेमाच्या इमारतीत, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 सालापासूनची संस्था. तिथं जाऊन वाचायला लागलो. आणि पंडिता रमाबाईंची साक्ष वाचताना थबकलो. माझीच गोष्ट, पण किती मोठ्या माणसाच्या बाबतीत!

रमाबाईंचं आयुष्य आठवा. दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये पती पटकीनं गेले. कडेवर लहान मनोरमा. इंग्लंडमध्ये वॉन्टेजला 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं अमेरिका पाहून आल्या, 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बुद्धी अशी की भल्याभल्या धर्मपंडितांशी वाद घालायच्या आणि मान तुकवायच्या नाहीत. एवढं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, तो पटलाही, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त अजून भेटलाच नाही. हे 1891 च्या सुमाराचं. त्यांनी स्वतः 1907 साली लिहून ठेवलं. आपल्या विद्वत्तेला जे साधलं नाही ते एखाद्या लेकरासारखं हात पसरल्यावर फुकट मिळालं, आणि मिळालं तो आनंद पोटात मावेना, असं त्या सांगतात.

आता हिशेब करा. त्या आनंदानंतर त्यांचं दुःख संपलं का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. कानानं तर आधीपासूनच कमी ऐकू यायचं. आणि या सगळ्यात हिब्रू नि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करायला घेतलं, का तर खेड्यातल्या साध्या बाईला ते वाचून कळावं. छपाईचे खिळे जुळवायच्या त्या तिथल्याच मुली. 1921 च्या जुलैत एकुलती एक मनोरमा गेली. तरी बाई लेखणी धरून होत्या. काम हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मुलगी गेल्यावर आठ महिन्यांहून जास्त काळ एखादी आई बसून भाषांतर तपासते, ती नुसत्या कर्तव्याच्या बळावर करेल असं मला वाटत नाही. माझ्या आईच्या पेटीत जे होतं तेच केडगावच्या त्या टेबलावर होतं.

म्हणून आधी माझ्या ख्रिस्ती भाऊबहिणींना कळकळीनं सांगतो. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात आहे, नाताळात करंज्या होतात, दफनभूमीत वाडवडिलांची थडगी आहेत, एवढ्यावर थांबू नका. बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चबाहेर पाहा. नोव्हेनाच्या प्रार्थनेसाठी सगळ्या जातिधर्मांची माणसं रांगेत असतात. बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. ज्याचं जे दुखणं तसा मेणाचा हात, मेणाचा पाय, ज्याला घर हवं त्याला मेणाचं घर. त्या रांगेला मी नावं ठेवणार नाही. येशूनं स्वतःच मागायला सांगितलंय, आणि गरजवंताला तो हाकलत नाही. पण नुसतं मागून परतलात तर ज्याच्या दारी गेलात त्याला भेटलाच नाहीत. मीही तेच करत होतो. माझ्या हातात मेणाच्या घराऐवजी माझ्या सेवेची वही होती, इतकाच फरक.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्याशीही मोकळेपणानं बोलतो. आपण एका बोळात वाढलो. तुमच्या गणपतीत मी वर्गणी गोळा केलीय, सहा डिसेंबरला पाणी वाटलंय. तुम्हाला फसवून, आमिष दाखवून कुठं न्यायचं असतं तर मी हे उघड लिहिलं नसतं. येशूकडं आलात तर नोकरी लागेल, दुखणं पळेल असं मी सांगणार नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याच्या दारातूनच माघारी फिरा. मी एवढंच म्हणतो की येशूला एकदा स्वतः भेटा. ज्यांची भजनं आई म्हणायची ते नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यातल्या एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुढं हलवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांचे अभंग त्यांनी टाकून दिले नाहीत; त्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगायचे.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. आकांत केला, वेगळ्या राहिल्या. सोवळ्याओवळ्याची गाठ त्यांच्या मनात स्वतःच्या विचारानं सुटली, जातपात माणसानं केलेली हे स्वतःला पटलं, तेव्हा 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या श्रद्धेवर बायकोचंही भागत नाही, मग आजोबांच्या श्रद्धेवर नातवाचं कसं भागेल? त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना हसून हसून डोळ्यांत पाणी येतं आणि पुढच्याच पानावर खरंच येतं. इतक्या ओढगस्तीच्या संसाराबद्दल मनात आढी न ठेवता लिहिणारी बाई आतून कुठंतरी भरलेली असली पाहिजे.

आता करायचं काय, ते सांगतो. नवा करार मिळवा. ग्रंथालयात मिळेल, कुठल्याही चर्चमध्ये मागितला तर मिळेल. आधी लूकचा पंधरावा अध्याय वाचा. मग पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र. चार छोटे अध्याय आहेत, दादरहून कल्याणची लोकल पोचायच्या आत वाचून होतील. ते कैदेतून लिहिलेलं आहे आणि त्यात पानोपानी आनंदाचा विषय आहे. त्याच फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना आधी फटके मारून, पाय खोड्यात अडकवून ठेवलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघं गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. आमच्या दारात बसलेल्या बायकांसारखे.

वाचून झाल्यावर बोला. त्यासाठी संस्कृताळलेली भाषा लागत नाही. बायकोशी, मित्राशी बोलता त्या बोलीत बोला. राग आला असेल तर रागावून बोला, स्तोत्रसंहितेतली माणसंसुद्धा देवावर रागावलेली आहेत. जे लपवत आलात ते एक त्याच्यापुढं नाव घेऊन ठेवा. माझं खोलीच्या पावतीचं होतं. तुमचं काय ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. वाचता वाचता एव्हाना आठवलंही असेल. येशू क्रुसावर गेला तो याच ओझ्यापायी, ही आमची श्रद्धा आहे आणि मी ती माझ्या अंगावर अनुभवली आहे. ते त्याच्यावर टाका, आणि मग ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन करा. हे दुसरं केलं नाही तर पहिलं टिकत नाही, असं मी अनुभवानं सांगतो.

मग एखादी मंडळी, म्हणजे चर्च, धरा. लहान असली तरी चालेल, जिथं तुम्ही आला नाहीत तर कुणीतरी चौकशी करेल अशी. पाळकसाहेबांना शंका विचारा, न लाजता.

एक गोष्ट मात्र मिसळू नका. महिनामहिना झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं झालं असेल, तर तो आजार असू शकतो. विश्वास कमी पडला म्हणून असं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. केईएममध्ये मानसोपचाराचा विभाग आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. दारू सुटत नसेल तर त्यालाही उपचार आहेत. औषध घ्या आणि प्रार्थनाही करा. लूक स्वतः वैद्य होता.

आणि हा आनंद रोज उचंबळत राहील असंही नाही. माझे कोरडे महिने गेलेत. भावाशी पुन्हा एकदा खटका उडाला, खोलीचा प्रश्न सुटायला अजून चार वर्षं लागली. पण त्या रात्रीनंतर मी दाराबाहेर उभा राहिलो नाही. रुसलो तरी घरात बसून रुसलो.

ताई, तुमच्यासाठी हे लिहायला घेतलं. तुमच्या पोराला आणि साहेबांना बदलण्याची युक्ती माझ्याकडं नाही. पण बाहेर येऊन विनवणारा तो बाप तुमच्या जिन्यातही आला असेल असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो, माझी पत्नीही असते. साहेबांना घेऊन या, एकट्या या, कशाही या. चहा टाकतो. आईची पेटी अजून आहे. ती पट्टी अजून अडकते, ती कशी उचलायची ते मला येतं.